नागरिकांनी कायदा सुचवायचा तर : ब्रसेल्सची पद्धत आणि नाशिकचे प्रश्न

निफाड-दिंडोरीच्या बागेत काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची, याचा हिशेब युरोपने ठरवलेल्या रेसिड्यूच्या, म्हणजे फळात उरणाऱ्या औषधाच्या अंशाच्या, मर्यादेवरून करावा लागतो. ती मर्यादा बदलावी म्हणून युरोपातले सामान्य लोक सह्या गोळा करतात, त्या ब्रसेल्सला नेऊन देतात आणि युरोपीय आयोगाला, म्हणजे युरोपीय संघाच्या कार्यकारी मंडळाला, त्याचे लेखी उत्तर द्यावे लागते. ही पद्धत कशी चालते, तिच्यातून काय मिळते, काय मिळत नाही आणि आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारे कोणते रस्ते आहेत, याबद्दल नाशिकमधले विद्यार्थी, बागायतदार आणि कार्यकर्ते जे विचारतात त्याची ही उत्तरे.

युरोपीय नागरिक पुढाकार म्हणजे नेमके काय?

युरोपीय संघाच्या नागरिकांनी युरोपीय आयोगाला "या विषयावर कायद्याचा प्रस्ताव आणा" असे अधिकृतपणे सांगण्याची ही सोय आहे. संघाच्या रचनेत कायद्याचा प्रस्ताव मांडायचा अधिकार जवळजवळ सर्वस्वी आयोगाकडे आहे. निवडून आलेली युरोपीय संसदसुद्धा आयोगाला फक्त विनंती करू शकते. तशीच विनंती करण्याचा हक्क लिस्बन कराराने नागरिकांना दिला. हा करार १ डिसेंबर २००९ पासून लागू झाला आणि त्यातून आलेली नागरिक पुढाकाराची सोय १ एप्रिल २०१२ पासून प्रत्यक्षात सुरू झाली. पहिले नियम फार किचकट होते, म्हणून नवे नियम करून ते १ जानेवारी २०२० पासून लागू केले. खाली दिलेली माहिती नव्या नियमांची आहे.

अनेक देशांतल्या नागरिकांनी एकत्र येऊन त्या सर्व देशांना लागू होणारा कायदा सुचवावा, अशी कायद्याने बांधलेली व्यवस्था एवढ्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा इथेच उभी राहिली. स्वित्झर्लंडमध्ये असा हक्क १८९१ पासून आहे, पण तो एका देशापुरता.

दहा लाख सह्या झाल्या की कायदा होतो का?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज याच बाबतीत आहे. दहा लाख सह्यांनी मिळते ते असे : आयोग एका महिन्यात आयोजकांना भेटतो, तीन महिन्यांच्या आत युरोपीय संसदेत जाहीर सुनावणी होते आणि सहा महिन्यांच्या आत आयोग कारणांसह लेखी उत्तर देतो. ते उत्तर "आम्ही काहीही करणार नाही" असेही असू शकते.

मानवी भ्रूणाच्या संरक्षणासाठीच्या "वन ऑफ अस" या पुढाकाराला सतरा लाखांवर सह्या होत्या. मे २०१४ मध्ये आयोगाने नकार दिला. आयोजक न्यायालयात गेले आणि डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च पातळीवर निकाल लागला : आयोगाने कारणे देणे बंधनकारक आहे, प्रस्ताव आणणे बंधनकारक नाही. स्वित्झर्लंडमध्ये गोष्ट वेगळी आहे. तिथे १८ महिन्यांत एक लाख सह्या जमल्या की राज्यघटनेतल्या दुरुस्तीवर लोकांचे मतदान घ्यावेच लागते. युरोपीय संघातली सही दार वाजवते. दार उघडायचे की नाही हे आतला ठरवतो. हे आधीच स्पष्ट असेल तर पुढची निराशा टळते.

सात देशांची अट कशासाठी?

एकूण सह्या किमान दहा लाख हव्यात आणि किमान सात सदस्य देशांत त्या त्या देशाचा ठरलेला किमान आकडा गाठला गेला पाहिजे. हा आकडा काढायचे सूत्र सोपे आहे : त्या देशाचे युरोपीय संसदेतले सदस्य गुणिले संसदेची एकूण सदस्यसंख्या. सध्या संसदेत ७२० सदस्य आहेत. जर्मनीचे ९६, म्हणून जर्मनीत ६९,१२० सह्या लागतात. फ्रान्सचे ८१, तिथे ५८,३२०. नेदरलँड्समध्ये ३१ प्रमाणे २२,३२०, आयर्लंडमध्ये १४ प्रमाणे १०,०८० आणि माल्टात सहाच सदस्य असल्याने ४,३२०. पुढाकाराची नोंदणी झाली त्या दिवशी लागू असलेला आकडा शेवटपर्यंत धरला जातो.

हेतू असा, की एका मोठ्या देशाची तक्रार सगळ्या युरोपची मागणी म्हणून पुढे येऊ नये. पाण्याच्या हक्कासाठीच्या "राइट टू वॉटर" या पुढाकाराच्या वैध ठरलेल्या साडेसोळा लाख सह्यांपैकी बाराएक लाख एकट्या जर्मनीच्या होत्या. आयोजकांनी बाकीच्या देशांत चिकाटीने काम केले नसते तर त्या बारा लाखांचा काहीही उपयोग झाला नसता.

गोदावरीच्या पाण्याकडे पाहिले की ही अट लगेच पटते. जायकवाडीला पाणी सोडण्याच्या विरोधात नाशिकमधून कितीही सह्या जमवल्या तरी मुंबईत ते एका जिल्ह्याचे गाऱ्हाणे ठरते, आणि छत्रपती संभाजीनगरहून आलेल्या सह्या दुसऱ्या जिल्ह्याचे. समन्यायी वाटपाचे सूत्र राज्याच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातून आले आहे आणि जायकवाडीतल्या साठ्याच्या ६५ टक्क्यांच्या हिशेबावर दर ऑक्टोबरात वाद पेटतो. त्या सूत्रात बदल हवा असेल, तर वरच्या आणि खालच्या दोन्ही अंगांच्या शेतकऱ्यांची सही एकाच मजकुराखाली असलेला कागदच वजनदार ठरेल. असा मजकूर लिहिणे फार कठीण आहे. पण मागणीला धार येते ती या कष्टातूनच.

असा पुढाकार सुरू कोण करू शकतो?

सात वेगवेगळ्या सदस्य देशांत राहणारे किमान सात युरोपीय नागरिक, मतदानाच्या वयाचे. सातही जण एकाच देशाचे नागरिक असले तरी चालतील, राहणारे मात्र सात देशांतले हवेत. संस्था आयोजक होऊ शकत नाही, ती पाठिंबा देऊ शकते. संसदेचे सदस्य गटात असू शकतात, पण ते सातांत मोजले जात नाहीत. सातांपैकी एक प्रतिनिधी आणि एक पर्यायी प्रतिनिधी नेमावा लागतो. आयोगाशी सगळा पत्रव्यवहार या दोघांमार्फत होतो.

गटातले दोघे-तिघे फक्त नावाला असतात, असे पुष्कळदा घडते. मग त्या देशांत सह्यांचे टेबल लावायला कोणी उरत नाही आणि सातवा देश शेवटपर्यंत भरत नाही. माणसे निवडताना ओळखीपेक्षा त्या देशात त्यांच्यामागे एखादी कामगार संघटना, ग्राहक संघटना किंवा शेतकरी संघटना उभी आहे का, हे पाहावे.

मजकूर किती मोठा असतो आणि नोंदणी कशामुळे अडते?

शीर्षक १०० अक्षरांत, उद्दिष्टे १,१०० अक्षरांत (मोकळ्या जागा सोडून) आणि हवी असल्यास ५,००० अक्षरांची पुरवणी. शिवाय कायद्याचा पूर्ण मसुदाही जोडता येतो. एवढ्या थोड्या जागेत मागणी बसवायची म्हणजे प्रत्येक वाक्य तोलून लिहावे लागते. अनेक पुढाकारांचे भवितव्य इथेच ठरते, सह्यांच्या टेबलावर नाही.

आयोग दोन महिन्यांत नोंदणीचा निर्णय देतो. मागणी आयोगाच्या अखत्यारीबाहेर आहे हे उघड दिसत असेल, ती निव्वळ खोडसाळ असेल किंवा संघाच्या मूल्यांविरुद्ध असेल तर नोंदणी होत नाही. यातली पहिली अडचण नेहमीची. शाळेतला अभ्यासक्रम किंवा देशांतर्गत प्राप्तिकर यांसारखे विषय संघाकडे नाहीत, ते त्या त्या देशाकडे आहेत. पूर्वी एक भाग अखत्यारीबाहेर गेला की सगळा अर्ज फेटाळला जाई. आता आयोगाला महिन्याभरात ते कळवावे लागते, आयोजकांना मजकूर सुधारायला दोन महिने मिळतात आणि उरलेल्या भागाची अंशतः नोंदणीही होऊ शकते.

अमेरिकेबरोबरच्या व्यापार कराराला विरोध करणाऱ्या "स्टॉप टीटिप" या पुढाकाराची नोंदणी २०१४ मध्ये नाकारली गेली. आयोजकांनी नोंदणीशिवायच तीस लाखांवर सह्या जमवल्या. त्यांना कायदेशीर किंमत नव्हती. १० मे २०१७ रोजी न्यायालयाने तो नकार रद्द केला, पण तोवर वाटाघाटींचा जोर ओसरला होता. निकाल बरोबर लागला, पण उशिरा.

सह्या घेण्यासाठी मुदत किती?

बारा महिने. नोंदणीनंतर सहा महिन्यांच्या आत कोणत्या तारखेला सुरुवात करायची हे आयोजकच ठरवतात. हे सहा महिने हातचे सोडू नयेत. भाषांतरे तपासणे, पत्रके, प्रत्येक देशातल्या स्वयंसेवकांचे शिबिर ही सगळी कामे याच काळात उरकायची. आयोग मजकुराचे २४ अधिकृत भाषांत भाषांतर करून देतो. तरी त्यातला सूर बरोबर आहे का, हे त्या भाषेच्या माणसाकडून वाचून घ्यावे. ठरलेल्या तारखेच्या आधी घेतलेली एकही सही धरली जात नाही.

सह्या बाद का होतात?

सह्या कागदावर घेता येतात आणि आयोगाच्या मोफत ऑनलाइन प्रणालीतही. प्रत्येक सही त्या माणसाच्या नागरिकत्वाच्या देशात मोजली जाते, तो राहतो कुठे याला महत्त्व नाही. बर्लिनमध्ये राहणाऱ्या इटालियन माणसाची सही इटलीच्या खात्यात जाते. कागदी नमुना प्रत्येक देशासाठी वेगळा असतो. काही देश नाव, पत्ता आणि जन्मतारीख मागतात, काही ओळखपत्राचा क्रमांक. टेबलावरच्या स्वयंसेवकाने चुकीच्या देशाचा कागद पुढे केला की ती सही गेलीच.

बाकीची कारणे अशी : तारीख राहिली, ओळखपत्रावर पूर्ण नाव आणि कागदावर घरचे नाव, क्रमांकातला एक आकडा चुकला, अक्षर लागत नाही, किंवा एकाच माणसाने रस्त्यावर एकदा आणि मोबाइलवर पुन्हा सही केली. मोहीम संपल्यावर प्रत्येक देशाचे सरकारी खाते तीन महिन्यांत पडताळणी करून वैध सह्यांचा दाखला देते. राइट टू वॉटरने अठरा लाखांहून अधिक सह्या जमवल्या आणि पडताळणीत साडेसोळा लाखांच्या आसपास टिकल्या. म्हणून एकूण आकड्यात आणि सातही देशांच्या आकड्यांत किमान पंधरा टक्के जादा धरूनच आखणी करावी. सातच देशांवर विसंबणे तर सरळ धोक्याचे. दहा देशांचे लक्ष्य ठेवले तर सात हाती लागतात.

शेवटचा दाखला हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत पुढाकार आयोगाकडे सादर करावा लागतो.

खर्च कोण करतो?

आयोजक. आयोग नोंदणीचे शुल्क घेत नाही, ऑनलाइन प्रणाली आणि भाषांतरे मोफत देतो, मोहिमेसाठी मात्र पैसे देत नाही. ५०० युरोंहून जास्त देणगी देणाऱ्याचे नाव जाहीर करावे लागते. यातले खरे दुखणे असे आहे की मोठ्या संघटनांचा आधार नसलेले पुढाकार बहुतेक मध्येच थंडावतात. शंभराहून अधिक पुढाकार नोंदले गेले, पण दहा लाखांचा टप्पा मोजक्यांनीच ओलांडला. सामान्य नागरिकांसाठी म्हणून केलेले साधन प्रत्यक्षात संघटित नागरिकांचे साधन झाले आहे, आणि ही त्याची मोठी उणीव आहे.

मग आजवर हाती काय लागले?

पाण्याच्या पुढाकारानंतर पिण्याच्या पाण्याचा युरोपीय कायदा २०२० मध्ये नव्याने झाला आणि वंचित वस्त्यांना पाणी मिळण्याची सोय त्यात आली. पाण्याचा हक्क मात्र आयोजकांना हव्या होत्या त्या शब्दांत आला नाही.

ग्लायफोसेट या तणनाशकावर बंदी मागणाऱ्या पुढाकाराचा धडा फार मोलाचा आहे. २०१७ मध्ये दहा लाख सत्तर हजारांवर वैध सह्या सादर झाल्या. बंदी मिळाली नाही, उलट ग्लायफोसेटची परवानगी आधी पाच वर्षांनी आणि मग २०२३ मध्ये पुढच्या दहा वर्षांसाठी वाढली. पण त्याच निवेदनात दुसरी मागणी होती : कंपन्यांनी स्वतःच केलेल्या, बंद कपाटातल्या अभ्यासांवर परवानग्या देऊ नका. ती मागणी आयोगाने उचलली. त्यातून २०१९ चा पारदर्शकतेचा कायदा झाला आणि मार्च २०२१ पासून अशा अर्जांसोबतचे अभ्यास लोकांना पाहायला मिळू लागले. मुख्य मागणीबरोबर एक नेमकी, कार्यपद्धतीची मागणी ठेवावी, ती यासाठी.

उलट बाजूही आहे. पिंजऱ्यातल्या जनावरांसाठीच्या पुढाकाराला जवळजवळ चौदा लाख सह्या होत्या. जून २०२१ मध्ये आयोगाने २०२३ अखेर प्रस्ताव आणण्याचे लेखी वचन दिले. ती मुदत उलटली, प्रस्ताव आला नाही आणि आयोजकांना २०२४ मध्ये न्यायालयाची पायरी चढावी लागली. होकारानंतरही पाठपुरावा सोडता येत नाही.

आमचा मुलगा डब्लिनला नोकरीला आहे. त्याला सही करता येईल का?

पासपोर्ट भारतीय असेल तर नाही, मग तो तिथे दहा वर्षे राहत असला तरी. सहीसाठी संघातल्या एखाद्या देशाचे नागरिकत्व लागते आणि वय त्या देशातल्या युरोपीय निवडणुकीच्या मतदानाइतके, म्हणजे बहुतेक ठिकाणी १८ आणि जर्मनी, ऑस्ट्रियासारख्या काही देशांत १६. आयरिश नागरिकत्व घेऊन ज्यांच्याकडे ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे) कार्ड आहे, त्यांना सही करता येते. ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे, त्यामुळे काही आडकाठी येत नाही.

भारतीय पासपोर्टवर तिथे राहणाऱ्यांसाठी एक वेगळा मार्ग मात्र खुला आहे : युरोपीय संसदेकडे याचिका. हा हक्क नागरिकांबरोबर संघात राहणाऱ्या प्रत्येकाला आहे आणि एका माणसाची याचिकाही चालते. विषय संघाच्या अखत्यारीतला आणि अर्जदाराशी थेट संबंध असलेला हवा, एवढेच. लोक या दोन गोष्टींत गल्लत करतात आणि हातची संधी घालवतात.

नाशिकच्या बागायतदाराला या सगळ्यात बोलायला जागा आहे का?

सही करायला नाही. मत मांडायला आहे, आणि ती वापरली जात नाही याचे वाईट वाटते.

२०१० च्या हंगामात सीसीसीच्या (क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या) अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली होती. ते संकट ज्यांनी पाहिले त्यांना या आकड्यांचा अर्थ सांगायला नको. युरोपात एखाद्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नसेल तर आपोआप ०.०१ मिलिग्रॅम प्रतिकिलो लागू होते, म्हणजे एक टन मालात दहा मिलिग्रॅम. २०२३ मध्ये क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या कीटकनाशकांची मर्यादा मधमाश्यांच्या रक्षणाचे कारण देऊन मोजता येईल इतक्या कमीत कमी पातळीवर आणली गेली. ती आयात मालालाही मार्च २०२६ पासून लागू केली. त्याच सुमारास मधमाश्या आणि शेतकऱ्यांसाठीचा दहा लाखांवर सह्यांचा पुढाकार आयोगापुढे होता. त्या सह्यांमुळेच मर्यादा उतरल्या असे म्हणणे चूक ठरेल, पण वारा कुठल्या दिशेचा आहे ते त्यातून कळते.

आयोग आपले बहुतेक मसुदे "हॅव युअर से" या संकेतस्थळावर टाकतो. तिथे मत नोंदवायला युरोपचा नागरिक असण्याची अट नाही. मोफत खाते उघडून पिंपळगावचा शेतकरी किंवा त्याची उत्पादक कंपनी इंग्रजीत लिहू शकते. अंमलबजावणीच्या नियमांच्या मसुद्यांना साधारण चार आठवडे मिळतात, आयोगाने मंजूर केलेल्या कायद्याच्या प्रस्तावांना आठ. "आमचे नुकसान होईल" एवढेच लिहिलेल्या मताची दखल कोणी घेत नाही. कोणते औषध, कोणत्या किडीसाठी, छाटणीनंतर कितव्या दिवशी, काढणीपूर्व अंतर किती, प्रयोगशाळेच्या अहवालात अंश किती आला, पर्यायी औषध कोणते आणि ते का पुरत नाही, हे दोन पानांत मांडावे. अहवाल जोडावेत.

दुसरा रस्ता सरकारमार्फत जातो. आयात मालावर परिणाम करणारा असा मसुदा जागतिक व्यापार संघटनेला कळवला जातो आणि इतर देशांना म्हणणे मांडायला साधारण ६० दिवस मिळतात. बागायतदार संघ, अपेडा (शेतमालाच्या निर्यातीची केंद्रीय संस्था) आणि वाणिज्य मंत्रालय या वाटेने आपले म्हणणे भारताच्या अधिकृत उत्तरात जाऊ शकते. साठ दिवस ऐकायला पुष्कळ वाटतात, पण दिल्लीला कागद पोहोचायचा तर पहिल्या तीन आठवड्यांतच तो तयार हवा.

भारतात नागरिकांना असा हक्क आहे का?

इतक्या सह्या जमल्या की सरकारने उत्तर द्यावेच, असा हक्क भारतात नाही. तक्रारीच्या निवारणासाठी निवेदन देण्याचा उल्लेख राज्यघटनेच्या कलम ३५० मध्ये आहे, तोही प्रामुख्याने कोणत्या भाषेत द्यायचे याबद्दल. केंद्र सरकारने २०१४ मध्ये ठरवले की कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा. पण ते धोरण आहे, कायदा नाही, आणि ते पाळले जातेच असे नाही.

तरीही नागरिकांनी मसुदा लिहायचा आणि तो रेटून कायद्यापर्यंत न्यायचा, ही परंपरा आपल्याकडे दांडगी आहे. माहितीच्या अधिकाराचा राज्याचा कायदा २००२ मध्ये आणि देशाचा २००५ मध्ये आला, तो लोकांच्या रेट्यामुळे. लोकपालासाठी २०११ मध्ये पाच मंत्री आणि पाच नागरिक प्रतिनिधी यांची संयुक्त मसुदा समिती राजपत्रात जाहीर झाली. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने वर्षानुवर्षे मसुदा घेऊन विधिमंडळाचे उंबरठे झिजवले. दाभोलकरांच्या खुनानंतर ऑगस्ट २०१३ मध्ये वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्धच्या मोहिमेने नाशिकमध्ये जोर धरला आणि त्यातून २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आला, जो जुलै २०१७ पासून लागू आहे. या प्रत्येक लढ्यात माणसांची वर्षे गेली. ठरलेली मुदत आणि ठरलेले उत्तर असते, तर ती एवढी गेली नसती.

लोकसभेकडे याचिका कशी लिहायची?

लोकसभेची याचिका समिती १५ सदस्यांची असते. याचिका प्रलंबित विधेयकावर, सभागृहापुढच्या कामावर किंवा सार्वजनिक हिताच्या सर्वसाधारण विषयावर देता येते. न्यायालयात असलेला विषय, राज्याच्या विधिमंडळात मांडायला हवा असा विषय, किंवा ज्यासाठी कायद्यात आधीच उपाय आहे असा विषय चालत नाही. बहुतेक याचिका इथेच अडतात. धरणाच्या आवर्तनाबद्दल दिल्लीला आणि निर्यातबंदीबद्दल जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देऊन उपयोग नसतो.

याचिका सभागृहाला उद्देशून असावी, भाषा संयमी असावी आणि शेवटी नेमकी मागणी असावी. मूळ मराठीत लिहिली तर चालते, मात्र हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडून त्यावरही अर्जदाराची सही लागते. प्रत्येक सही करणाऱ्याचे पूर्ण नाव आणि पत्ता हवा. लिहिता येत नसेल तर अंगठा चालतो. ज्या पानावर मजकूर आहे त्याच पानावर किमान एक सही असलीच पाहिजे. सह्या अनेक पानांवर असतील तर प्रत्येक पानाच्या डोक्यावर मागणी पुन्हा लिहावी लागते. वहीच्या कोऱ्या पानांवर सह्या घेऊन मागून मजकूर चिकटवण्याची आपल्याकडची सवय या नियमात बसत नाही. पत्रे, प्रतिज्ञापत्रे, कात्रणे जोडायची नाहीत. सभागृहात मांडण्यासाठी खासदाराची प्रतिस्वाक्षरी घ्यावी लागते, म्हणून मसुदा पक्का होण्याआधीच खासदारांच्या कार्यालयाशी बोलून ठेवावे.

आणि विषय राज्याचा असेल तर?

महाराष्ट्र विधिमंडळात विनंती अर्ज समिती आहे. तिथे आमदारामार्फत जावे. पूर्ण कायदा सुचवायचा असेल तर आमदाराला किंवा खासदाराला अशासकीय विधेयक मांडायला सांगता येते. मसुद्याला उद्देश व कारणे यांचे निवेदन जोडावे आणि तिजोरीवर भार पडणार असेल तर तो सरळ सांगावा. अपेक्षा मात्र बेताची ठेवावी : संसदेत स्वातंत्र्यानंतर जेमतेम १४ अशासकीय विधेयकांचे कायदे झाले, शेवटचा १९७० मध्ये. तरी विधेयक मांडले गेले की विषय सभागृहाच्या कामकाजात नोंदला जातो, आणि कधी कधी सरकार तोच विषय आपले विधेयक म्हणून आणते.

गावपातळीवरचा विषय असेल तर ग्रामसभेचा ठराव. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी गणपूर्ती हवी. पेठ, सुरगाणा, कळवण या पट्ट्यात पेसा या आदिवासी भागांसाठीच्या कायद्याने ग्रामसभेला जादा अधिकार आहेत, तिथे या ठरावाचे वजन कितीतरी जास्त.

मोर्चाने लवकर काम होत नाही का?

होते, कधी कधी. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च सहा दिवसांत सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईला पोहोचला आणि सरकारकडून लेखी आश्वासने घेऊन परतला. वनहक्काचे दावे पुरते निकाली निघाले नाहीत म्हणून २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा चालावे लागले. आश्वासनाच्या कागदावर प्रत्येक मुद्द्यापुढे खाते, अधिकारी आणि तारीख लिहून घेतलेली नसेल तर पाठपुरावा कुणाकडे करायचा हेच कळत नाही. मोर्चा आणि मसुदा एकमेकांना पर्याय नाहीत. मसुदा हातात असलेल्या मोर्चाचे बोलणे वेगळेच होते.

ऑनलाइन याचिकेवर दोन लाख लोकांनी क्लिक केले. त्याला काही किंमत?

जनमत दाखवायला आहे. कायदेशीर नाही, कारण क्लिक करणारा कोण, मतदार आहे का, एकच माणूस दहा वेळा आला का, याची पडताळणी कोणी केलेली नसते.

जगभरातल्या नागरिकांसाठी संयुक्त राष्ट्रांत असे काही आहे का?

अजून नाही. जागतिक नागरिक पुढाकार असावा, म्हणजे ठरावीक संख्येने लोकांनी मागितले की आमसभेने तो विषय घ्यावा, अशी मागणी करणारी आंतरराष्ट्रीय मोहीम २०१९ पासून चालू आहे. युरोपच्या अनुभवावरून दोन गोष्टी आधीच सांगता येतात. सही करणाऱ्याची ओळख पटवायची पद्धत गरीब देशांनाही झेपेल अशी हवी. आणि मुदत ठरवताना इंटरनेट नसलेल्या गावांचा विचार हवा, नाहीतर सगळ्या सह्या शहरांतून येतील आणि हवामानबदलाची झळ ज्या शेतकऱ्याला बसते त्याचेच नाव यादीत नसेल.

गोळा केलेल्या सह्यांच्या कागदांचे नंतर काय करायचे?

युरोपात याचा नियम पक्का आहे : पुढाकार सादर झाल्यापासून एक महिन्यात किंवा मोहीम सुरू झाल्यापासून २१ महिन्यांत, यातले जे आधी येईल तेव्हा, आयोजकांनी सह्या आणि त्यांच्या सर्व प्रती नष्ट करायच्या. तक्रार किंवा खटला चालू असेल तरच जास्त काळ ठेवता येतात. हा डेटा दुसऱ्या कामासाठी वापरता येत नाही. आपल्याकडे सहीच्या मोहिमेत मोबाइल क्रमांक सर्रास घेतले जातात आणि निवडणूक आली की त्याच क्रमांकांवर प्रचाराचे संदेश येऊ लागतात. पुढच्या वेळी लोक सही द्यायला कचरतात ते यामुळेच. मागणीला लागत नसेल तर मोबाइल क्रमांक मागूच नका. मूळ कागद जिथे द्यायचा तिथे देऊन पोच घ्या. मजकुराची आणि पोचेची प्रत जपून ठेवा. सह्यांच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका आणि झेरॉक्स काढताना बिघडलेली पाने दुकानात न सोडता सोबत आणून फाडून टाका.